स्टुडिओ हाच कर्ता

चित्रपटाविषयी गांभीर्याने बोलणाऱ्या मराठी वर्तुळांत एक मत आता सिद्धान्ताच्या थाटात वावरते. स्टुडिओंचा काळ हा आपल्या चित्रपटाचा बाल्यकाळ होता, असे हे मत सांगते. त्या काळी कंपन्या होत्या, पगारी नट होते, ठरलेले साचे होते. कलावंत अजून जन्माला यायचा होता. तो जन्मला पुढे, दिग्दर्शक स्टुडिओच्या फाटकाबाहेर पडून स्वतःच्या हिमतीवर चित्र काढू लागला तेव्हा. म्हणून ‘प्रभात’, ‘न्यू थिएटर्स’, ‘बॉम्बे टॉकीज’ यांच्याविषयी आदर बाळगावा, त्यांची गाणी गुणगुणावीत, त्यांच्या शताब्द्या साजऱ्या कराव्यात. परंतु कलेचा हिशेब मांडताना त्यांना बाजूला ठेवावे.

हे मत चुकीचे आहे. जाणकारांच्या तोंडी असल्यामुळे ते शहाणपणाचे वाटते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अगत्याचे आहे. मी त्या काळच्या बोलपटांचा आणि त्यांतल्या नट-नट्यांचा निस्सीम चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. चाहत्याची साक्ष पक्षपाती मानतात. मानावी. येथे प्रेम हा पुरावा म्हणून उभा करणार नाही. चित्रे, साले, माणसे आणि त्यांनी केलेली कामे एवढेच पुढे ठेवीन. निवाडा वाचकाने करायचा आहे.

प्रथम पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडला तर खंडनाला काही अर्थ राहत नाही, म्हणून त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की, कलाकृतीला एक कर्ता लागतो. कवितेमागे कवी असतो, चित्रामागे चित्रकार. स्टुडिओत मात्र गोष्ट एकाची, छायाचित्रण दुसऱ्याचे, नेपथ्य तिसऱ्याचे आणि अखेरचा शब्द कंपनीचा. मग त्या चित्रात कोणाचे मन उमटणार? दुसरे म्हणणे असे की, ज्या कंपनीला महिन्याच्या महिन्याला पगार वाटायचे असतात ती धाडस करीत नाही. जे एकदा चालले तेच ती पुनःपुन्हा काढते. तिसरे म्हणणे नटांविषयीचे. हे नट रंगभूमीवरून उचलून आणलेले, उंच आवाजात बोलणारे, चेहरा आणि गळा यांवर निवडलेले. त्यांचे तेज कंपनीच्या जाहिरातीने घडवलेले. चौथे म्हणणे विषयांचे. देव, संत, राजेराण्या यांच्या गोष्टी सांगून या कंपन्यांनी प्रेक्षकांना काळाच्या प्रश्नांपासून दूर नेले. पाचवे म्हणणे सर्वांत बोचणारे आहे. ही व्यवस्था करारांच्या बेड्यांवर उभी होती, आणि एका पिढीच्या आतच ती कोसळली. तिचे कोसळणे हाच तिच्यावरचा निकाल होय.

यांतल्या प्रत्येक म्हणण्यात सत्याचा काही अंश आहे. पण अंशाला पूर्ण सत्य म्हणण्यातच या मताची सारी चूक आहे.

कर्त्याचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे आक्षेप त्याच्यावरच उभे आहेत. १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पाहा. हा बोलपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला. दिग्दर्शक म्हणून नावे लागली ती दोन: विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल. हे दोघे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले होते. १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. दामले ध्वनिमुद्रणाचे प्रमुख. फत्तेलालांच्या हाती कलादिग्दर्शन. म्हणजे या चित्राचे कर्तृत्व एका ध्वनितज्ज्ञाकडे आणि एका चित्रकाराकडे मिळून आहे. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे. शांताराम आठवल्यांनी या बोलपटासाठी रचलेले एक पद इतके तुकारामांच्या वळणाचे उतरले की पुष्कळांनी ते गाथेतलेच मानले.

आता वाचकाने सांगावे, या चित्राचा एकमेव कर्ता कोण? त्यातला देहूचा साधा, उजळ परिसर फत्तेलालांच्या नजरेचा आहे. भजन आणि शांतता यांतला तोल दामल्यांच्या कानाचा आहे. शब्द आठवल्यांचे, चाल भोळ्यांची, चेहरा आणि गळा विष्णुपंत पागनिसांचा. तरीही हे चित्र पाहताना ते पाच जणांनी ओढाताण करून बनवल्याचे क्षणभरही जाणवत नाही. एकच मन त्यातून बोलते. ते मन व्यक्तीचे नाही, कंपनीचे आहे. आणि म्हणून ते मनच नाही असे म्हणणे हा हट्ट झाला, तर्क नव्हे.

याहून कठीण कसोटी हवी असेल तर १९४४ चा ‘रामशास्त्री’ घ्यावा. या चित्राच्या दिग्दर्शनाची सूत्रे राजा नेने, विश्राम बेडेकर आणि शेवटी गजानन जागीरदार अशी हातोहात फिरली. एकाच दिग्दर्शकाचे मन म्हणजेच कलाकृती, हे सूत्र खरे असेल तर या चित्राची चाळण व्हायला हवी होती. प्रत्यक्षात काय झाले? पेशव्यांच्या दरबारात सत्तेला न डरता न्याय सांगणाऱ्या त्या न्यायाधीशाची मूर्ती जागीरदारांनी अशी उभी केली, आणि ललिता पवारांनी आनंदीबाई अशी साकारली, की चित्राच्या बांधणीत सांधा सापडत नाही. दिग्दर्शक बदलले, पण छायाचित्रण, नेपथ्य, ध्वनी, संकलन यांची एकत्र काम करण्याची वर्षानुवर्षांची सवय बदलली नव्हती. चित्र तिने तोलून धरले.

आणि हा एककर्त्याचा सिद्धान्त आला कोठून? १९५४ साली फ्रान्सच्या ‘काहिए द्यु सिनेमा’ मासिकात फ्रान्स्वा त्रुफोने त्याची तुतारी फुंकली. पण त्या तरुण समीक्षकांची दैवते कोण होती? हिचकॉक आणि हॉक्स. दोघेही हॉलिवूडच्या स्टुडिओंत काम करणारे. म्हणजे ज्या सिद्धान्ताच्या आधारे स्टुडिओयुगाला हीन ठरवले जाते, त्याचे पुरावेच मुळी स्टुडिओयुगातून गोळा केलेले आहेत. त्याच मासिकाचे ज्येष्ठ आंद्रे बाझँ यांनी १९५७ मध्ये आपल्या तरुण सहकाऱ्यांना याच ठिकाणी अडवले होते. एकेका दिग्दर्शकाची प्रतिभा मान्य करता, तर ज्या व्यवस्थेने ती घडवली तिची प्रतिभा का मान्य करीत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या प्रश्नाला पूर्वपक्षाने अजून उत्तर दिलेले नाही.

आता साच्याचा आक्षेप. कंपनी धाडस करीत नाही म्हणतात. ‘प्रभात’च्या आठ वर्षांची यादी समोर ठेवू. १९३४, ‘अमृतमंथन’: धर्माच्या नावाने चालणाऱ्या बळींविरुद्धची कथा, आणि पडदा व्यापून टाकणारा राजगुरूचा डोळा. १९३६, ‘अमरज्योती’: मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर समुद्रावर चाचेगिरी करणारी स्त्री, आणि त्या भूमिकेत दुर्गा खोटे. १९३७, ‘कुंकू’: फसवून काकासाहेब या थोराड विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा ते लग्न मानायला साफ नकार देते. १९३९, ‘माणूस’: एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या, प्रेमभंगाने दारूत बुडणाऱ्या ‘देवदास’ला दिलेले खणखणीत उत्तर. १९४१, ‘शेजारी’: धरणाच्या पार्श्वभूमीवर दोन वृद्ध मित्रांची, एका हिंदूची आणि एका मुसलमानाची, तुटणारी मैत्री. या यादीत साचा कोणता? विषय बदलतो, काळ बदलतो, चित्रणाची रीत बदलते. न बदलणारी गोष्ट एकच, कामातला कसोशीचा आग्रह.

‘कुंकू’पाशी थोडे थांबतो, कारण हे चित्र एकटेच हा आक्षेप खोडून काढायला पुरेसे आहे. या बोलपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात ज्या वस्तू आहेत त्यांचेच आवाज आहेत. गाण्यांची साथसुद्धा त्या घरातल्या, त्या क्षणाच्या आवाजांतून उभी राहते. १९३७ साल आहे. बोलपट जन्मून सहा वर्षे झाली आहेत, गाण्याबजावण्याला चटावलेला प्रेक्षक आहे, आणि संगीतासाठी ख्यातनाम असलेली एक कंपनी वाद्यवृंद बाजूला ठेवते. काकासाहेबांच्या घरातले घड्याळ, आरसा, छत्री या निर्जीव वस्तू त्यांच्या मनाचा कोसळता तोल बोलून दाखवतात. हे धाडस नसेल तर धाडस कशाला म्हणावे? आणि ते शक्य का झाले? कारण कंपनी होती. एका चित्राच्या यशाने दुसऱ्या चित्राची जोखीम पेलता येत होती. ज्याचे घरदार एकाच चित्रावर गहाण पडलेले असते, त्या एकट्या निर्मात्याला प्रत्येक प्रयोग जीवघेणा असतो. स्थिर पगारामुळे धाडस मरते, हे गृहीतक ‘प्रभात’च्या बाबतीत नेमके उलटे ठरते.

नटांवरचा आक्षेप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. पहिल्या बोलपटांतला अभिनय जड होता, हे मान्य. ध्वनिमुद्रकाच्या कक्षेत उभे राहून, गाणे स्वतः गात गात भूमिका करणाऱ्यांना हालचालीला मुभा कमी होती. पण नाटकातून आले म्हणून नाटकी, हे समीकरण टिकत नाही. ‘कुंकू’तले काकासाहेब झालेले केशवराव दाते कोणत्या रंगभूमीवरून आले होते? १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ करून मराठी नाटकात वास्तववादाचे दार उघडणाऱ्या ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेतून. म्हणजे त्या काळी रंगभूमीवर जे सर्वांत नवे होते ते स्टुडिओने उचलले. दात्यांचे काकासाहेब खलपुरुष होऊ शकले असते. ते होत नाहीत. आपण केलेल्या अन्यायाची जाणीव हळूहळू चढत जाणारा एक थकलेला माणूस आपल्याला दिसतो, आणि नीरेची बाजू पूर्ण पटलेली असतानाही त्याची कणव येते. असा अभिनय जाहिरातीने घडत नाही.

पागनिस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते. त्यांच्या तुकारामात गर्जना नाही, मोठा हावभाव नाही. भजनात रमलेला, बायकोच्या बोलण्याने न दुखावणारा, जगाच्या बाजारात जरासा हरवलेला असा एक मऊ माणूस आहे. त्यांच्यासमोर गौरीबाईंची जिजाई उभी करा. तिचा राग खरा आहे, तिची भूक खरी आहे. मूल आजारी पडल्यावर ही बाई देवाच्या अंगावर जोडा उगारायला देवळात जाते. नवरा सदेह वैकुंठाला निघतो तेव्हाही तिला चिंता पोरांच्या पोटाची आहे. भक्तीचा महिमा सांगणाऱ्या चित्रात भाकरीची बाजू इतक्या निर्भयपणे मांडणारी ही भूमिका म्हणजे मराठी पडद्यावरचा एक शिखरक्षण आहे. ती करणारी बाई बाहुली होती, असे कोण म्हणेल?

आणि शांता आपटे. ‘कुंकू’तली त्यांची नीरा रडून दया मागत नाही, ती डोळ्याला डोळा देऊन बोलते. तीच नीरा लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही इंग्रजी कविता गाते. तेथे त्यांचे गाणे हे भूमिकेचे अलंकरण राहत नाही. नीरेचा निश्चय त्या गाण्यातच पक्का होतो. मान, हात, भुवया सगळे शरीर त्या गाण्यात उतरते. पार्श्वगायनाच्या पुढच्या काळात नटीचा गळा आणि नटीचा चेहरा वेगळे झाले. ज्यांना त्या वेगळेपणाची सवय झाली त्यांना ही एकरूपता जुनाट वाटते. दोष कलावंताचा नाही, सवयीचा आहे.

चौथा आक्षेप देवादिकांचा. संतपट म्हणजे पलायन, असे म्हणणाऱ्यांनी १९३५ च्या ‘धर्मात्मा’चा इतिहास आठवावा. बालगंधर्वांनी त्यात एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्याच्या घरी जेवणारा ब्राह्मण हा त्या कथेचा गाभा. चित्राचे नाव आधी ‘महात्मा’ होते. सेन्सॉरने ते चालू दिले नाही, बदलायला लावले. गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. संतपट ही काळापासूनची पळवाट होती, तर परकीय सत्तेला एका संताच्या चित्राच्या नावाची धास्ती का वाटावी? सरकारला जे कळले ते आपल्या समीक्षेला कळू नये, ही खेदाची गोष्ट आहे. पुराण आणि संतचरित्र ही त्या प्रेक्षकाची रोजची भाषा होती. त्या भाषेत त्याच्याशी आजच्याबद्दल बोलता येते, हे या माणसांनी ओळखले होते.

आता पाचवा आक्षेप, करारांचा. येथे मी पूर्वपक्षाला बरेच काही देणार आहे, कारण ते सत्य आहे. करार जाचक होते. १९३९ साली शांता आपटे यांनी कंपनीशी झालेल्या वादात ‘प्रभात’च्या फाटकाशी बसून उपोषण केले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातल्या नटीची स्थिती जगापुढे ठेवली. हॉलिवूडमध्येही निराळे नव्हते. बेट्टी डेव्हिस १९३६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध लंडनच्या न्यायालयात लढल्या आणि हरल्या. ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड यांनी त्याच कंपनीविरुद्ध १९४४ मध्ये निकाल मिळवला, आणि निलंबनाचे दिवस जोडून करार सात वर्षांपलीकडे ताणण्याची चाल बंद पडली. या स्त्रियांची बाजू न्यायाची होती. स्टुडिओयुगावरचे प्रेम खरे असेल तर ते या लढ्यांवरच्या प्रेमासह असायला हवे.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? पहिला असा की, करार अन्यायाचा होता म्हणून त्याखाली झालेले काम हीन ठरत नाही. तसे मानले तर अन्याय करणाऱ्याने कलावंताचा पगारच नव्हे, तर तिची कलाही हिरावून घेतली असे होईल. शांता आपट्यांवर एवढा अन्याय आपण तरी करू नये. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. जे नट केवळ कंपनीने बनवलेले मुखवटे होते असे सांगितले जाते, त्यांनीच फाटकाशी ठाण मांडले, न्यायालये गाठली, पुस्तके लिहिली. दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) करून कलकत्त्याला ‘न्यू थिएटर्स’मध्ये गेल्या, तेथे ‘राजरानी मीरा’ केला, आणि ‘अमरज्योती’साठी पुन्हा ‘प्रभात’मध्ये आल्या. त्यांनी स्वतःला एका कंपनीच्या दावणीला बांधून घेतले नाही. हिमांशु राय यांच्या निधनानंतर ‘बॉम्बे टॉकीज’ची धुरा देविकाराणींनी वाहिली. मुखवटे असे वागत नाहीत. पूर्वपक्षाचा पाचवा मुद्दा त्याच्याच तिसऱ्या मुद्द्याला खोटे पाडतो. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत.

राहिला व्यवस्था कोसळल्याचा दाखला. ती कोसळली हे खरे. कलेने थकून कोसळली हे खोटे. अमेरिकेत १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंना चित्रगृहांच्या मालकीपासून तोडले. आपल्याकडे महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म सरकारी नियंत्रणाखाली गेली, आणि युद्धाच्या नफ्यातला पैसा घेऊन आलेल्यांनी नटांना एकेका चित्रासाठी घसघशीत रक्कम देऊ केली. मासिक पगाराला ती शर्यत जिंकता येणे शक्यच नव्हते. त्यात १९४२ मध्ये शांताराम ‘प्रभात’ सोडून गेले आणि त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. १९४५ मध्ये दामले वारले. भागीदार पांगले, पैशाचा प्रवाह बदलला. धंदा का बुडाला याचा हा हिशेब आहे. त्यावर कलेचा निकाल वाचणे म्हणजे दुकान बंद पडले म्हणून मालाला खोटे ठरवणे. आणि स्टुडिओ गेल्यावर स्वातंत्र्य कोणाला मिळाले? बड्या नटांना मिळाले. दिवेवाला, सुतार, रंगारी, समूहात उभा राहणारा नट यांचा दरमहाचा पगार गेला आणि रोजंदारी आली. त्याचा हिशेब या मुक्तीच्या कथेत कोणी मांडत नाही.

शेवटी एक साक्ष मी राहतो त्या गावची. किलकेनी हे आयर्लंडमधले नोर नदीकाठचे, तीस हजारांहून कमी वस्तीचे जुने गाव. किल्ला, मध्ययुगीन गल्ल्या, सेंट कॅनिसचे देवालय आणि त्याचा गोल मनोरा. येथे १९९९ साली टॉम मूर, नोरा ट्वोमी आणि पॉल यंग यांनी ‘कार्टून सलून’ हा अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ काढला. ‘द सिक्रेट ऑफ केल्स’ (२००९), ‘साँग ऑफ द सी’ (२०१४), ‘द ब्रेडविनर’ (२०१७), ‘वुल्फवॉकर्स’ (२०२०) ही त्यांची पहिली चारही दीर्घ चित्रे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली. राजधानीपासून दूरच्या एका लहान गावातून हे घडले; ‘प्रभात’ही अशीच कोल्हापुरात सुरू झाली आणि मग पुण्याला गेली.

या चित्रांचा कर्ता कोण? पहिल्या चित्रात मूर यांच्यासोबत ट्वोमी सहदिग्दर्शक होत्या. ‘ब्रेडविनर’चे दिग्दर्शन ट्वोमींनी केले. ‘वुल्फवॉकर्स’ला मूर यांच्या जोडीला रॉस स्ट्युअर्ट आले, जे पहिल्या चित्राचे कलादिग्दर्शक होते. कलादिग्दर्शक दिग्दर्शक होतो, दोघे मिळून एक चित्र करतात. फत्तेलाल आणि दामले यांची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे. ‘वुल्फवॉकर्स’मध्ये १६५० सालचे किलकेनी लाकडी ठशाच्या छापासारख्या ताठ, कोनदार रेषांत येते, आणि तटाबाहेरचे रान पेन्सिलच्या सैल, धावत्या रेषांत. सत्ता आणि स्वातंत्र्य यांचा झगडा रेषेतच सांगितला आहे. तो निर्णय वर्षानुवर्षे एकमेकांशेजारी बसून काढणाऱ्या हातांचा आहे.

दोन्हींतला फरक मी लपवीत नाही. हा स्टुडिओ युरोपातल्या इतर कंपन्यांशी भागीदारी करून चित्रे काढतो, त्याचे आर्थिक गणित वेगळे आहे, आणि त्याच्या पडद्यावर देहधारी तारे नाहीत. पण मुद्दा कर्तृत्वाचा आहे. जगभरचे जाणकार येथे एका घराची शैली पाहतात आणि तिला दाद देतात. ती दाद योग्यच आहे. मग तीच गोष्ट पुण्यात दिसली की तिला साचा का म्हणायचे? एकत्र शिकलेल्या, एकत्र टिकलेल्या माणसांची शैली नोरकाठी कला ठरते, तर मुळा-मुठेकाठी ती कारखानदारी कशी? दोन मापे ठेवायची असतील तर त्याचे कारण द्यावे लागेल. ते कोणी दिलेले नाही.

आणि ज्या स्वतंत्र दिग्दर्शकांच्या नावे हे मत मांडले जाते, ते कोठे घडले? गुरुदत्त करारावर ‘प्रभात’मध्ये आले, देव आनंद यांचे पहिले चित्र ‘हम एक हैं’ (१९४६) ‘प्रभात’चे, आणि त्यांची मैत्रीही तेथलीच. ‘प्रभात’ बंद पडल्यावर १९६० साली त्याच आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट उभारली. अदूर गोपालकृष्णन, मणी कौल, कुमार शहानी या नव्या सिनेमाच्या अग्रणींनी त्याच वास्तूत धडे गिरवले. स्टुडिओ नाकारून नवा सिनेमा जन्मला, असे सांगणारी कथा आपला पत्ता सोयीस्करपणे विसरते. तो पत्ता ‘प्रभात’चा होता.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. ज्या गोष्टीला आपण कला मानत नाही ती आपण जपत नाही. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही असते, ओलाव्याने सडते. तिला जपायला पैसा लागतो आणि त्याआधी इच्छा लागते. २००३ साली पुण्यात ‘प्रभात’च्या याच जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळे गेली. जे उरले आहे त्याचे जतन, दुरुस्ती आणि पुनःप्रदर्शन व्हायचे असेल तर ‘जुने, गोड, पण कला नव्हे’ हा शेरा आधी पुसला पाहिजे.

म्हणून वाचकापुढे माझी मागणी साधी आहे. ‘कुंकू’ गाण्यांसाठी नव्हे, त्यातल्या शांततेसाठी पूर्ण पाहावा. ‘संत तुकाराम’ जिजाईच्या बाजूने पाहावा. ‘रामशास्त्री’ पाहताना तीन दिग्दर्शकांचे सांधे शोधावेत. मग पूर्वपक्षाचे पाचही मुद्दे पुन्हा तपासावेत. कर्ता नव्हता? होता, तो अनेकांच्या मिळून एका मनाचा होता. धाडस नव्हते? पगारी माणसांनी ते केले. नट बाहुल्या होते? त्यांनी भूमिका उभ्या केल्या आणि हक्कही मागितले. काळाशी संबंध नव्हता? सेन्सॉरने तो जाणला. कोसळणे हाच निकाल? तो धंद्याचा होता, कलेचा नव्हता. स्टुडिओयुगाला दया नको, सवलत नको, स्मरणरंजनाचा हारही नको. त्याला कलेच्या दरबारात बरोबरीची जागा हवी आहे. ती त्याच्या हक्काची आहे.